एकच प्रश्न, तीन उत्तरं : पश्चिम युरोपातल्या एका पितृवंशाचा माग

आयर्लंडमधल्या शंभर पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं, तर साधारण पंच्याऐंशी जण एकाच पितृवंशाचे निघतात. या वंशाचं शास्त्रीय नाव आर१बी-एम२६९, म्हणजे आर१बी या मोठ्या वंशाची एम२६९ ही फांदी. पुढे सोयीसाठी बहुतेक ठिकाणी नुसतं आर१बी म्हटलं आहे. पूर्वेकडे सरकत गेलं की त्याचं प्रमाण उतरत जातं आणि पूर्व तुर्कस्तानात ते १२ टक्क्यांच्या आसपास येतं. युरोपात सुमारे ११ कोटी पुरुष या वंशाचे आहेत, असा २०१० मधला अंदाज होता. हे सगळे कधीतरी होऊन गेलेल्या एका पुरुषाचे वंशज आहेत. त्याचे वारस पश्चिम युरोपात कधी पोचले, कुठून पोचले आणि कोणासोबत पोचले?

२००० ते २०१५ या काळात या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. पहिल्या दोन उत्तरांमागची सामग्री जवळपास सारखीच होती. उत्तर बदललं ते संशोधकांनी वाटेत घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे. संशोधक गटांची नावं इथे दिलेली नाहीत. सगळेच गट कामात चोख होते आणि चर्चा निर्णयांची आहे, माणसांची नाही.

पार्श्वभूमी

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्याच्या बहुतेक भागात आईकडच्या गुणसूत्राशी अदलाबदल होत नाही, त्यामुळे बापाचं गुणसूत्र मुलात जवळपास जसंच्या तसं उतरतं. क्वचित एखादा बदल होतो, आणि माग काढायचा तो या बदलांवरून.

बदल दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारात डीएनएच्या साखळीतलं एखादं अक्षर बदलतं. असा बदल एकदा झाला की पुढच्या सगळ्या वंशजांत टिकतो. एम२६९ हा असाच एक बदल. ज्यांच्यात तो आहे ते एका फांदीवरचे, नाही ते दुसऱ्या. या खुणांवरून वंशवृक्ष काढता येतो आणि त्याबद्दल फारसा वाद होत नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लघुपुनरावृत्तीत, एखादा छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा आलेला असतो आणि पिढ्यांच्या ओघात त्याची संख्या कमीजास्त होते. डीवायएस१९ नावाच्या जागी ‘टीएजीए’ ही चार अक्षरं ओळीने येतात. पश्चिम युरोपातल्या पुष्कळ पुरुषांत ती चौदा वेळा सापडतात, काहींत तेरा किंवा पंधरा वेळा. असा फरक एका वंशाच्या पुरुषांत किती साठला आहे हे मोजायचं, एका पिढीत सरासरी किती बदल होतो त्याने भागायचं, म्हणजे त्या वंशाचं वय निघतं. तत्त्व साधं आहे. सगळी भिस्त मात्र भाजकावर आहे.

अडचण

अडचण त्या भाजकातच होती. बापलेकांच्या जोड्या तपासून थेट मोजलं, तर एका जागी एका पिढीत बदल होण्याची शक्यता हजारात साधारण दोन येते. दुसऱ्या एका पद्धतीत इतिहासातल्या ज्ञात घटनांशी ताळा घालून वेग ठरवला होता. तो पंचवीस वर्षांना दहा हजारात सुमारे सात, म्हणजे जवळजवळ तिपटीने मंद. दोन्ही वेग प्रतिष्ठित नियतकालिकांत छापलेले आणि दोन्हींच्या बाजूने भक्कम युक्तिवाद होते.

एका वेगाने जो वंश ५,००० वर्षांचा ठरतो, तोच दुसऱ्या वेगाने १५,००० वर्षांचा ठरतो. युरोपच्या इतिहासात हा फरक किरकोळ नाही. १५,००० वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत होतं आणि माणसं शिकार करून जगत होती. ५,००० वर्षांपूर्वी शेती रुजून कित्येक हजार वर्षं झाली होती आणि कांस्ययुग उंबरठ्यावर होतं. वेग कोणता निवडला यावर आख्खी कथा बदलत होती, आणि बहुतेक लेखांत ही निवड पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेली असे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हिमयुगातल्या आश्रयस्थानांचा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली असताना माणसं दक्षिणेला, विशेषतः आयबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भागात, टिकून राहिली आणि बर्फ हटल्यावर उत्तरेकडे पसरली. आर१बीचं प्रमाण पश्चिम टोकाला सर्वांत जास्त असल्यामुळे हा पर्याय नकाशावर चपखल बसत होता. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत हा वंश प्रचंड प्रमाणात आहे आणि त्यांच्या भाषेचं आजूबाजूच्या कुठल्याही भाषेशी नातं नाही. तेव्हा बास्क म्हणजे हिमयुगातल्या युरोपाचे थेट वारस, असं समीकरण मांडलं गेलं.

दुसरा पर्याय शेतकऱ्यांचा. सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, शेती करणारे लोक आग्नेय युरोपात शिरले. शेतीची लाट वर्षाला सरासरी एक किलोमीटर या गतीने पुढे सरकली, असा हिशोब लुका कावाल्ली-स्फोर्झा आणि आल्बर्ट अ‍ॅमरमन यांनी १९७० च्या दशकात मांडला होता.

तिसरा पर्याय स्टेपचा. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून पशुपालक लोक सुमारे ५,००० वर्षांपूर्वी पश्चिमेला गेले, हा विचार पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुटास यांनी १९५६ पासून मांडला होता. त्यांचा मुख्य रोख इंडो-युरोपीय भाषांच्या प्रसाराकडे होता.

हा तिसरा पर्याय आर१बीच्या बाबतीत फारसा गंभीरपणे तपासला गेला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महागात पडलेली गोष्ट हीच. कारणं दोन. एक भौगोलिक. स्टेप पूर्वेला आणि आर१बीची गर्दी पश्चिम टोकाला, म्हणून संबंध नसणार असं गृहीत धरलं गेलं. दुसरं कारण पुरातत्त्वाच्या इतिहासातलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्ताफ कोसिना यांनी मातीची भांडी, वंश आणि राष्ट्र यांची गाठ मारली आणि नाझींनी ती वापरली. युद्धानंतरच्या पिढीने त्यामुळे ‘लोक आले आणि पसरले’ या प्रकारच्या स्पष्टीकरणाकडे पाठ फिरवली. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे एक पर्याय तपासण्याआधीच बाद झाला.

चौथाही पर्याय होता. हाती असलेल्या साधनांनी उत्तर निघत नाही, असं लिहिणं.

काय केलं गेलं

२००० मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने युरोप आणि मध्यपूर्वेतल्या १,००७ पुरुषांचं वाय गुणसूत्र २२ खुणांनी तपासलं. आजच्या तुलनेत खुणा थोड्या, पण त्या काळी हे मोठंच काम होतं. निष्कर्ष असा की युरोपीय पुरुषांच्या पितृवंशांपैकी सुमारे ८० टक्के हिमयुगातले आणि जेमतेम २० टक्के शेतकऱ्यांसोबत आलेले. आर१बी पहिल्या गटात पडला. पुढची काही वर्षं वंशचाचणी करून घेणाऱ्या पश्चिम युरोपीय माणसाला ‘तुमचे पूर्वज हिमयुगात स्पेनमध्ये होते’ हे ऐकायला मिळायचं, त्यामागे हाच विचार होता.

इथे पहिला मोठा निर्णय झाला. आज वंश जिथे दाट, तिथेच तो उगवला किंवा टिकला, असं मानलं गेलं. पण एखाद्या गावात एकाच आडनावाची घरं जास्त असली म्हणून ते आडनाव त्याच गावात जन्माला आलं असं होत नाही. दोन-तीन कर्ते पुरुष बाहेरून येऊन स्थिरावले की चार-सहा पिढ्यांत गाव त्यांच्या आडनावाने भरून जातं. पसरणाऱ्या लोकसंख्येच्या पुढच्या टोकाला असलेला वंश मूळ ठिकाणापासून दूर जाऊन फोफावतो, हे लोकसंख्येच्या गणिती प्रारूपांतूनही दिसत होतं.

२०१० मध्ये दुसऱ्या गटाने प्रश्न उलट्या बाजूने विचारला. दाटी कुठे आहे हे बाजूला ठेवून विविधता कुठे जास्त आहे ते पाहिलं. एम२६९ वंशाच्या ८४० पुरुषांतल्या लघुपुनरावृत्ती तपासल्यावर पूर्वेकडे विविधता जास्त आणि पश्चिमेकडे कमी दिसली. जुनं ते विविध, या न्यायाने वंश अनातोलियातून पश्चिमेला गेला, आणि तोही शेतकऱ्यांसोबत. युरोपातल्या बहुसंख्य पुरुषांचा पितृवंश एका फटक्यात हिमयुगातून नवाश्मयुगात आला.

२०११ मध्ये तिसऱ्या गटाने याच प्रश्नावर अडीच पट मोठा संच घेतला. त्यांना दिसलं की पूर्व-पश्चिम असा विविधतेचा उतार या संचात टिकत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुनरावृत्तीच्या कोणत्या जागा निवडल्या यावर वय बदलतं. भराभर बदलणाऱ्या जागांत जुने फरक पुढच्या बदलांनी पुसले जातात, त्यामुळे वंश तरुण दिसतो. सावकाश बदलणाऱ्या जागा घेतल्या की तोच वंश म्हातारा होतो. उपलब्ध माहिती आणि साधनांनी या वंशाचं वय खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. चौथा पर्याय निवडणारा हा एकमेव गट. या सगळ्या प्रवासातलं सर्वांत प्रामाणिक पान मी तेच मानतो.

हाडांकडे वळणं

दरम्यान हाडं बोलायला लागली होती. दक्षिण फ्रान्समधल्या त्रेय गुहेत सुमारे ५,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांपैकी २२ पुरुषांचा पितृवंश २०११ मध्ये कळला. २० जण जी२ए वंशाचे, दोघे आय२ए. आर१बी एकही नाही, आणि तेही आज आर१बीने भरलेल्या प्रदेशात. पुढच्या वर्षी आल्प्समधल्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’चा जनुकसंच जाहीर झाला. तोही जी२ए. त्याच वर्षी जर्मनीतल्या क्रॉम्सडॉर्फ इथल्या साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत आर१बीचे दोन पुरुष सापडले. ही घंटाकार भांड्यांच्या संस्कृतीतली माणसं होती.

हे तुकडे एकत्र ठेवले तर चित्र तेव्हाच दिसत होतं. ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत हा वंश पश्चिमेत सापडत नाही, साडेचार हजारला सापडतो. तरीही प्रश्न लगेच मिटला नाही, आणि त्याला सबळ कारण होतं. एका गुहेत पुरलेली माणसं एकाच कुळातली असू शकतात. मग वीस नमुने हे प्रत्यक्षात एकाच नमुन्यासारखे ठरतात.

कोंडी फुटली ती नव्या तंत्रांमुळे. कवटीत आतल्या कानाभोवती एक अतिशय घट्ट हाड असतं. त्यात डीएनए इतर हाडांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, हे २०१४-१५ च्या सुमाराला पक्कं झालं. त्याच वेळी ठरावीक जागांचा डीएनए गळाला लावल्यासारखा वेचून काढण्याचं तंत्रही विकसित झालं, त्यामुळे मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएवर पैसा वाया जाणं थांबलं. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना काळाच्या ओघात ठरावीक प्रकारची झीज होते. ती दिसली की तो डीएनए खरोखर जुना आहे, हाताळणाऱ्याचा नाही, याची खात्री पटते.

जून २०१५ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले, एक ६९ आणि दुसरा १०१ प्राचीन व्यक्तींचा. स्टेपवरच्या यामनाया संस्कृतीतल्या तपासलेल्या सातही पुरुषांचा वंश आर१बी निघाला. जर्मनीतल्या ‘दोरखंडी भांडी’ संस्कृतीच्या लोकांत सुमारे तीन चतुर्थांश जनुकीय वारसा स्टेपवाल्यांशी जुळणारा होता. त्याच वर्षी १७ लोकसमूहांतल्या ३३४ हयात पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा मोठा भाग अक्षर न् अक्षर वाचला गेला. पुनरावृत्तीचं डळमळीत घड्याळ वगळून केलेल्या या मोजणीतही युरोपातले मोठे पितृवंश गेल्या काही हजार वर्षांतच फोफावल्याचं दिसलं. म्हणजे आजच्या माणसांतूनही उत्तर निघू शकत होतं, फक्त मोजायची गोष्ट बदलावी लागली.

निकाल

आयर्लंडपुरतं बोलायचं तर पुरावा डोळ्यांसमोर ठेवता येतो. उत्तर किनाऱ्याजवळच्या रॅथलिन बेटावर २००६ मध्ये एका पबच्या आवारात खोदकाम करताना कांस्ययुगातली दफनं सापडली. तिथल्या तीन पुरुषांचे जनुकसंच २०१६ मध्ये जाहीर झाले. तिघेही आर१बी-एम२६९, आणि आजच्या आयरिश लोकांशी जवळचे. त्यांच्या हजारेक वर्षं आधीची, बेलफास्टजवळ बॅलिनाहॅटीला सापडलेली स्त्री मात्र त्यांच्यापेक्षा अगदी वेगळी, अनातोलियाकडून आलेल्या शेतकऱ्यांच्या वळणाची. २०२० मध्ये न्यूग्रेंजच्या भव्य थडग्यातल्या पुरुषाचा पितृवंश कळला, तो आय२. इतकी प्रचंड वास्तू उभारणाऱ्या समाजातले पितृवंश आज त्या बेटावर अगदी थोडे उरले आहेत.

ब्रिटनमध्ये घंटाकार भांड्यांच्या काळात जनुकीय वारशाचा सुमारे ९० टक्के भाग बदलला, असं २०१८ मध्ये दिसलं. मला मात्र स्पेन आणि पोर्तुगालचे आकडे जास्त बोलके वाटतात. तिथे इसवी सनपूर्व २००० पर्यंत एकूण वारसा सुमारे ४० टक्के बदलला, पण पितृवंश जवळजवळ १०० टक्के. वाय गुणसूत्र ही हजारो पूर्वजांपैकी फक्त एका रेषेची नोंद आहे, हे यापेक्षा ठळकपणे क्वचितच दिसेल. त्या काळच्या पुरुषाचा बाप, आजा, पणजा स्टेपच्या रेषेवरचे असतील, पण बाकीच्या बहुतेक पूर्वजांची मुळं स्थानिक. स्पेनमधल्या कास्तियेखो देल बोनेते इथल्या एका थडग्यात पुरुष आणि स्त्री शेजारी पुरलेले आहेत. पुरुषात स्टेपचा वारसा आहे, स्त्रीत नाही.

यावरून कत्तलीची गोष्ट रचण्याचा मोह होतो. आकडे तेवढं सांगत नाहीत. आलेल्या घराण्यांतल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या थोडे जास्त मुलगे जगत राहिले, तरी काही शतकांत असाच परिणाम दिसतो. हिंसा झाली असेल, सत्तेमुळे वारसाहक्क एकवटला असेल, रोगराईही असेल. त्या काळच्या सांगाड्यांत प्लेगचे जिवाणू सापडलेच आहेत. मध्य युरोपात आलेल्यांत पुरुष किती आणि बायका किती यावर २०१७ मध्ये दोन गटांनी एकाच स्वरूपाच्या माहितीवरून विरुद्ध निष्कर्ष काढले.

बास्कांचं समीकरण तर पुरतं मोडलं. त्यांचा पितृवंश स्टेपकडून आलेला, भाषा मात्र इंडो-युरोपीय नाही. लोहयुगातल्या आयबेरियन लोकांशी त्यांचं साम्य आहे, हिमयुगातल्या शिकाऱ्यांशी नाही. पितृवंशावरून भाषा ओळखायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे उदाहरण नीट पाहावं.

एक दुवा मात्र निखळलेलाच राहिला. यामनाया पुरुषांत सापडलेली आर१बीची फांदी आणि पश्चिम युरोपात फोफावलेली फांदी सख्ख्या बहिणी आहेत, एक नव्हेत. २०२१ मध्ये बोहेमियातल्या सुरुवातीच्या दोरखंडी भांड्यांच्या लोकांत पश्चिमेकडची फांदी सापडली. म्हणजे स्टेपवरून निघालेले सगळे एकाच घराण्याचे नव्हते. वेगवेगळ्या कुळांच्या वाटा वेगळ्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही वेगांनी येणारी वयं शेजारी-शेजारी छापता आली असती. २००० नंतरच्या दशकात हे सातत्याने झालं असतं, तर ५,००० ते १५,००० ही अवाढव्य दरी प्रत्येक वाचकाच्या नजरेत आली असती आणि हिमयुगाची कथा इतकी घट्ट बसली नसती.

हाडांकडून काय अपेक्षा आहे, हे आधी लिहून ठेवता आलं असतं. शेतकऱ्यांनी आर१बी आणला असेल, तर पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांत तो दिसायला हवा. हिमयुगापासून असेल, तर त्यांच्याही आधीच्या शिकाऱ्यांत. इटलीत व्हिलाब्रुना इथे १४,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यात आर१बी खरोखरच सापडला, पण एम२६९ नसलेला. अटी काटेकोर लिहिलेल्या असतील, तरच असा नमुना हिमयुगाच्या बाजूचा पुरावा म्हणून खपवला जात नाही.

भारताचा या प्रकरणाशी संबंध आर१बीच्या भावकीतून येतो. आर१ए या वंशाच्या दोन मोठ्या फांद्या सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. एक मुख्यतः युरोपात, दुसरी, झेड९३, मध्य आणि दक्षिण आशियात. आज इथल्या पुरुषांची टक्केवारी घेऊन, जातीनिहाय तक्ते मांडून कोण कधी आलं हे ठणकावून सांगितलं जातं. २००० साली युरोपात वापरलेली रीत हीच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या उत्खननातून हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीचे जे साठेक नमुने तपासले गेले, त्यांपैकी एकाच व्यक्तीचा डीएनए वाचता आला. ती स्त्री होती, म्हणून त्यातून पितृवंशाबद्दल काहीही कळत नाही. वायव्येकडच्या स्वात खोऱ्यातल्या लोहयुगीन दफनांत स्टेपचा वारसा दिसतो, पण पुरुषांत आर१ए फारच थोडा. म्हणजे तिथे तो वारसा स्त्रियांकडून जास्त आला असावा, स्पेनच्या अगदी उलट.

भारतासाठी अटी आजच लिहून ठेवता येतील. झेड९३ इसवी सनपूर्व २००० नंतर स्टेपकडून आला असेल, तर हडप्पाकालीन पुरुषांच्या हाडांत तो मिळता कामा नये. मिळाला, तर त्या पुरुषाच्या उरलेल्या जनुकसंचात स्टेपचा वारसा आहे की नाही, ते पाहावं लागेल. कवटीत कानाजवळचं ते हाड दोनच असतात आणि नमुना घेताना भोक पाडावंच लागतं, त्यामुळे या अटी भोक पाडण्याच्या आधी कागदावर हव्यात.